जीप आजोबांची, तिला आजोबांचीच राहू द्या!

गावच्या घरामागे ताडपत्रीखाली जुनी जीप पडून आहे? रील बघून रुंद टायर, नवं इंजिन, चकाचक रंग असा बेत शिजत असेल, तर जरा थांबा.

रत्नागिरीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला सोडत नाही. पायाखालचा पत्रा, दाराच्या खालच्या कडा, चॅसी आधी ठोकून बघा. गंजावर नुसता रंग फासलात, तर पुढच्या पावसाळ्यात फुगे येणारच. आधी घासकाम, मग प्रायमर, रंग सगळ्यात शेवटी.

कागदपत्रंही शोधा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी खासगी प्रवासी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. अशी गाडी रोज फिरवता येत नाही, पण रॅलीत, प्रदर्शनात मानाने नेता येते. अट मात्र कडक आहे: चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे हौसेने केलेली एक कापाकापी हा मान कायमचा घालवू शकते.

म्हणून पाना उचलण्याआधी गावातल्या जुन्या मेस्त्रींना गाठा. त्यांच्या हाताखाली एक सुट्टी घालवा. कार्ब्युरेटर आवाजावरून जुळवणारी ही माणसं आता थोडीच उरलीत. जीप थांबेल, ती थांबणार नाहीत.