आकाशी मेज आणि खरवडायचं पातं

आजोबांचं बसून लिहायचं मेज गेल्या दिवाळीपासून आमच्या बाल्कनीत उलटं पडलं होतं. सागवानी, उतरत्या झाकणाचं, वरच्या कडेला दौत-टाक ठेवायची खोबण. मोठ्या काकांनी १९७८च्या सुमारास त्याला ऑइलपेंट फासला, तोही आकाशी. (काका, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे. रागावू नका. खिडक्यांना लावून उरलेला रंग वाया घालवणं आपल्या घरात पापच होतं!) मी तर हे मेज आकाशीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं.

धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं. "सुतार बोलव, मशीन फिरवून घे, वर पीयू मारून टाक. दोन दिवसांत नवंकोरं." मी नाही म्हटलं आणि त्यावरून आमची थोडी बोलाचाली झाली. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

घासायच्या मशीनवरचा माझा राग जुना आहे. चार वर्षांपूर्वी आईच्या कपाटाची दारं पॉलिशला दिली होती. दारं प्लायची, वर सागाचं व्हिनिअर. हा पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मशीन एका जागी जरा रेंगाळलं आणि आतलं प्लाय दिसायला लागलं. त्या माणसाला तरी काय बोलणार? मशीनखाली काय चाललंय ते धुळीत त्यालाही दिसत नव्हतं. आई काही बोलली नाही. फक्त त्या जागेवर कॅलेंडर लावलं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी, आणि लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. १९७८च्या डब्याबद्दल काय बोलायचं! घरात दीड वर्षाची मुलगी आहे, तिला जमिनीवरचं सगळं तोंडात घालायचं असतं. असा रंग मशीनने घासला की त्याचं पीठ होतं आणि ते घरभर बसतं. खरवडला तर त्याच्या खपल्या निघतात, त्या गोळा तरी करता येतात. अर्थात खरवडणं म्हणजे अगदी निर्धोक असंही नाही. मी खाली प्लास्टिक अंथरलं, रंगावर पाणी फवारत राहिलो, एन-९५ मास्क लावला, बाल्कनीचं दार बंद ठेवलं आणि तिथे चहा नेला नाही. चहा न नेणं सगळ्यात अवघड गेलं :-)

रंग काढायला मूठ असलेलं, आपल्याकडे ओढायचं स्क्रेपर घ्यावं. कार्बाइडच्या पात्याचं मिळालं तर उत्तम, कारण साध्या पोलादाची धार जुन्या रंगावर पाच मिनिटंही टिकत नाही. पण त्याने लाकडाला हात लावायचा नाही. रंगाचा शेवटचा थर राहिला की थांबायचं आणि मग सपाट पातं हातात घ्यायचं. याला ना मूठ ना नट. नुसता पोलादाचा आयताकृती तुकडा, पोस्टकार्डाएवढा, पाऊण मिलिमीटर जाड. लहानपणी आमच्याकडे येणारे सुतारकाका हेच काम फुटक्या काचेच्या तुकड्याने करायचे. काच सुरेख कापते, पण तिची धार गेली की गेली, आणि बोटं कापतात ती वेगळीच.

माझं पातं मी भंगारातल्या जुन्या हातकरवतीचं केलं. हॅक्सॉ ब्लेड घेऊ नका, ते इतकं कडक असतं की कानस त्यावर नुसती घसरते. करवतीचं पोलाद कानशीला दाद देतं. ग्राइंडरने कापताना कड निळी पडली की तिथलं पाणी उतरलं समजायचं, म्हणून मी थोडं कापायचो, पाण्यात बुडवायचो, पुन्हा थोडं.

पातं तयार झालं, पण ते काही केल्या कापेना. पहिले दोन रविवार नुसती धूळ निघत होती आणि मी लाकडाला दोष देत होतो. चूक धारेत होती. या पात्याला सुरीसारखी धार नसते. आधी कानशीने कड अगदी काटकोनात सपाट करायची. मग तेल टाकून दगडावर कड आणि दोन्ही बाजू गुळगुळीत करायच्या. कानशीची एकही रेघ राहिली तर ती पुढे लाकडावर उमटते. मग कडक, गुळगुळीत पोलादी दांडी घ्यायची. ती आधी पात्याच्या सपाट बाजूवर, कडेलगत, चार-पाच वेळा दाबून ओढायची. नंतर कडेवरून ओढायची, पहिल्यांदा सरळ आणि मग पाच-दहा अंश कलवून. याने कडेचं पोलाद किंचित बाहेर वळतं. डोळ्यांना दिसत नाही, नखाला मात्र अडकतं. मी जोर लावून तो आकडा मोठा करत होतो, म्हणून तो बोथट येत होता. हलक्या हाताने तीन ओढी पुरतात, हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

तिसऱ्या रविवारी पातं दोन्ही हातांत धरलं, मागून अंगठ्यांनी जरा वाकवलं, पुढे झुकवलं आणि ढकललं. कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा गुंडाळत वर आला. मी बायकोला हाक मारून तो दाखवला. तिने "छान" म्हटलं आणि ती आत गेली. असो.

सागात मुळात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. पापुद्र्यांऐवजी भुसा पडायला लागला की थांबायचं, पुन्हा दांडी फिरवायची. दर वेळी कानस लागत नाही. अंगठे भाजतात, पातं खरंच तापतं. एकाच जागी खरवडत बसलं तर तिथे खळगा होतो आणि तो पॉलिश चढल्यावर दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो. पाइनसारख्या मऊ लाकडावर हे पातं नीट चालत नाही, तिथे पॉलिश पेपरच बरा.

आता भावाला जे सांगायचं होतं ते. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यातला शेवटचा आकाशी थर निघाला, तेव्हा काही बारीक रेघांमध्ये रंग तसाच राहिला. आधी वाटलं लाकूड तडकलंय. आणखी दोन हात हलके फिरवले तर तपकिरी लाकडावर निळ्या रेघांचं गलबत! दोन शिडं, खाली लाटा. रंग लावायच्या आधी कुणीतरी कर्कटकाने ओरखडून काढलेलं. मशीन तिथून दहा सेकंदांत पुढे गेलं असतं.

त्या कोपऱ्यात मी पुढे खरवडलं नाही. थोडा आकाशी रंग राहिलाय. तो लाखेच्या पॉलिशखाली झाकून टाकणार आहे. बाकी झाकण झालंय, पाय अजून बाकी आहेत.

काका, एवढं कळवा. गलबत तुमचं की बाबांचं? बाबा आता सांगायला नाहीत आणि आई म्हणते तिने ते कधी पाहिलंच नाही. रंग तुम्हीच लावलात, तेव्हा तुम्हाला ते दिसलं असणारच.