टॅब आपला, किल्ली कुणाची?

विकलेल्या कपाटाची किल्ली दुकानदाराने स्वतःकडे ठेवली तर आपण भांडू. टॅबच्या बाबतीत मात्र गप्प बसतो! 2019 साली आयपॅडओएस 13 येईपर्यंत पेनड्राइव्हमधले पुस्तक आयपॅडवर थेट घेता येत नसे. केबल लावली तरी मध्ये कंपनीचे आयट्यून्स हवेच. अँड्रॉइडचे तसे नाही. केबल जोडून पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा, विंडोज संगणकावर टॅब फोल्डरसारखा उघडतो. संगणक नसेल (आमच्या गल्लीत एकही नाही) तर बहुतेक टॅबना ओटीजीचा जोड नि पेनड्राइव्ह पुरे.

आमची आई विचारते, “ह्यात पुस्तकं कुठं ठेवलीस?” प्रश्न खुळा नाही. अनेक अ‍ॅप उतरवलेले पुस्तक स्वतःच्याच पोटात ठेवतात. ते मैत्रिणीला देता येत नाही. साधी पीडीएफ मात्र वहीसारखी हातोहात जाते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके अशी मोफत मिळतात. ती हिंगोलीत एकाने उतरवली, तर औंढ्याच्या, सेनगावच्या खेड्यांतल्या दहाजणांचा रिचार्ज वाचेल.

म्हणून प्राध्यापकांना विनंती, टिपणे अ‍ॅपमध्ये कोंडू नयेत, पीडीएफ करून द्यावीत. आणि ग्रंथालयातल्या एका संगणकावर विषयवार फोल्डर असावेत. केबल आम्ही आणू.