चाळीसगावचा टांगा

पेपरात आपली बातमी येते ती चार ओळींची. गावाचं नाव, तालुका, 'किरकोळ कारणावरून हाणामारी', 'पोलीस पुढील तपास करीत आहेत'. खलास. किरकोळ म्हंजे काय, ते ठरवलं कुणी, विहीर कुठल्या आळीत, पोलीस पाटील कुणाचा मेव्हणा, काही नाही. वाचणारा चहाचा घोट घेतो आणि क्रिकेटचं पान उघडतो. आपली पोरंही आता तेच करतात. मोबाईलवर एका ओळीची बातमी येते, पोरगा खाली 'जय भीम' ठोकतो, अंगठा पुढं सरकतो. संताप आला, संताप गेला.

या संतापात माणूसच नाही. म्हणून मी म्हणतो, लांब वाचा. गोष्टीसारखं सांगितलेलं, पण एक अक्षर मनचं नसलेलं. मराठीत त्याला रिपोर्ताज म्हणतात. शब्द परका, पण चीज आपल्या घरातली.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढा. स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलेलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं. जयंतीला डीजेपुढं नाचणाऱ्या किती जणांनी वाचलंय? त्यात १९२९ सालातली चाळीसगावची हकीकत आहे. बाबासाहेब तेव्हा अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र राहायचा आग्रह केला. स्टेशनावर तासभर खोळंबा. मग टांगा आला, निघाला, आणि थोडक्यात मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढं नदीवरच्या फरशीवर चाक दगडावर आदळलं. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत. पाय मोडला.

का? टांगेवाले महाराला बसवून हाकायला तयार नव्हते, त्यांची इज्जत जात होती. बॅरिस्टर साहेबानं पायी यावं हे आपल्या लोकांना पटत नव्हतं. तेव्हा तोड निघाली. टांगा भाड्यानं मिळेल, हाकणार मात्र तुमच्यातलाच. आणि ज्यानं लगाम धरला त्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता. हे सगळं बाबासाहेबांना कळलं ते मागाहून, म्हणून वाचणाऱ्यालाही मागाहूनच कळतं. आधी आपण त्यांच्याबरोबर पडतो, मग कारण हातात येतं. 'अस्पृश्यता अमानुष आहे' असं दहादा लिहिलं असतं तरी हे साधलं नसतं. भाडं चालतं, माणूस चालत नाही! जातीचं आख्खं अर्थशास्त्र त्या एका टांग्यात बसलंय. आणि आपली माणसं मानापायी जीव धोक्यात घालतात तेही बाबासाहेब झाकत नाहीत. रडत नाहीत, ओरडत नाहीत.

असाच थंड हात जॉन हर्सीचा. 'न्यूयॉर्कर' हे अमेरिकेतलं सुखवस्तू लोकांचं साप्ताहिक. ३१ ऑगस्ट १९४६ चा आख्खा अंक त्यांनी हर्सीच्या 'हिरोशिमा'ला दिला. जवळजवळ ३१ हजार शब्द, आणि माणसं फक्त ६. एक कारकून बाई, दोन डॉक्टर, एका शिंप्याची विधवा, दोन धर्मोपदेशक. बाँब पडला तेव्हा ती कारकून बाई पुस्तकांच्या कपाटाखाली चिरडली. लाखाचा आकडा डोक्यात राहत नाही, ती बाई राहते. हर्सी भाष्य करत नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी तो परत गेला, त्या सहा जणांचं पुढं काय झालं ते १९८५ साली लिहिलं. आपल्याकडं बातमीदार घटनेनंतर चाळीस दिवसांनी तरी परत जातो का?

मराठीत अनिल अवचट गेले. हमालांत गेले, विडीच्या तंबाखूत राबणाऱ्या बायांत बसले, आपल्यावरचे अत्याचारही त्यांनी 'कोंडमारा'त लिहिले. राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' छापणारा 'साधना'चा १९७२ चा अंक त्यांच्याच हातून निघाला, हे विसरायचं नाही. पण अवचट संध्याकाळी घरी परतणारे. आत राहणाऱ्यानं लिहावं लागतं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. आधीच्या बातम्यांत अनैतिक संबंधाची कुजबुज, जातीचा पत्ता नाही. आनंद तेलतुंबड्यांनी २००८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. शेत, रस्त्याचा वाद, पोलीस, पत्रकार, सगळ्यांची उलटतपासणी. तेही इंग्रजीत. मराठी वाचकाला आपल्याच मढ्याची हकीकत भाषांतरातून मिळावी, याची लाज मराठी प्रकाशकांना वाटायला हवी.

कोण म्हणेल, हे वाचून मजा कसली? येते की! टांग्याचं कारण उघडतं तिथं मी चक्क मांडीवर थाप मारली. दुःखाची नव्हे ही मजा, ती उलगडा होण्याची. बाप बोटाला धरून गावचं घर दाखवतो, इथनं पाणी यायचं, इथं आम्हाला थांबवायचे, तसली. पांढरपेशांनी रसास्वाद स्वतःच्या नावावर करून घेतला आणि आपल्याकडं फक्त निषेध ठेवला. हा वाटा मला मंजूर नाही.

पुस्तिका छोटी आहे. कल्याण ते दादर लोकलमध्ये उभ्यानं बरीचशी होते. चाळीसगावचा टांगा तर ठाण्याच्या आधीच संपतो.