उडालेले कॅडमियम

‘केडीएम’ची, म्हणजे कॅडमियमच्या डाखाने जोडलेल्या सोन्याची, पाटी पेढ्यांवरून उतरली. १६ जून २०२१ पासून सोन्याला हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तेव्हा हा विषय संपला असे अनेकांनी धरले. तो संपलेला नाही. हॉलमार्क दागिन्याची शुद्धता सांगतो. झाळताना कारागिराच्या नाकातोंडात काय गेले ते सांगत नाही.

जुन्या डाखात तांबे-चांदी बरीच असायची. दागिना मोडीत काढला की तूट दिसायची. मग ९२ भाग सोन्यात ८ भाग कॅडमियम घालायची पद्धत आली. डाख झटकन वितळतो, बारीक सांध्यातही शिरतो आणि आटणीत शुद्धता फारशी घसरत नाही. का घसरत नाही? कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसलाच उकळते; झाळताना ते धूर होऊन उडते. गिऱ्हाईक आणि पेढी ज्या गुणावर खूश होती, त्याची किंमत फुंकणीवर वाकलेला माणूस श्वासागणिक मोजत होता.

या धुराला सावध करणारा वास नाही. त्रास काही तासांनी, ताप-कणकणीसारखा सुरू होतो. माणूस काढा घेऊन झोपतो आणि सकाळी पुन्हा शेगडीपाशी बसतो. फुप्फुसात पाणी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. वर्षानुवर्षांच्या धुराने मूत्रपिंडे खराब होतात, कर्करोगाचा धोका वेगळाच. तोंडाला बांधलेला रुमाल इथे निरुपयोगी, आणि छताचा पंखा धूर फक्त खोलीभर फिरवतो. हुपरीसारख्या गावी चांदीचे काम घरोघरी चालते. तिथे ती खोली म्हणजे राहते घर. चांदीच्या डाखातही कॅडमियम असू शकते. धूर ओढणारा पंखा हवा तो ज्योतीच्या शेजारी, कारागिराच्या तोंडापर्यंत धूर पोचण्याआधी.

कॅडमियमऐवजी वापरायचा जस्ताचा डाख ‘पळत नाही’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. खरी आहे. सांधा ढिला असेल तर तो भरून देत नाही. म्हणून तोंडे कानशीने अशी जुळवा की उजेडासमोर धरल्यावर फट दिसू नये. तेलकट बोट लागलेल्या किंवा काळवंडलेल्या धातूवर तर कोणताही डाख गोळी होऊन बसतो, टाकणखार कितीही लावा. ज्योत डाखावर रोखू नका, दागिना तापवा. डाख उष्णतेकडे धावतो. जाड भाग थंड राहिला की तो बारीक तारेवर चढतो आणि दोष डाखाला मिळतो.

यात वेळ जातो, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याकडे तो नसतो. पेढीवाल्यांनी तो दरात धरावा. डाख विकत घेताना त्यातले धातू चिठ्ठीवर लिहून मागावेत. ‘नेहमीचाच आहे’ एवढ्या उत्तरावर पैसे मोजू नयेत.