‘चुकून’ म्हणून लिहिलेला जबाब

प्रति,
त्या रात्री दवाखान्यात जबाब घ्यायला आलेल्या हवालदारसाहेबांस,



तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. 2023 च्या पावसाळ्यात, ऐन भाताच्या आवणीत, माझ्या धाकट्या भावाने जीव द्यायचा प्रयत्न केला. डोळखांबहून जीपने नेला, डॉक्टरांनी वाचवला. अशा वेळी पोलिसांना कळवावं लागतं, त्यांनी कळवलं, तुम्ही आलात. इथवर माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढच्या दहा मिनिटांची आहे.

“मरायला गेला असं लिहिलं तर 309 लागेल, पोरगा आत जाईल,” तुम्ही आईला म्हणालात. मग आवाज खाली आणून, “चुकून झालं म्हणा, मोकळे व्हाल.” आईने अंगठा दिला आणि वर तुम्हाला हात जोडले. तुम्ही उपकार केलेत असं तिला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असेल, आणि तेच मला जास्त लागतं.

साहेब, जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं 309 वं कलम तेव्हा पुस्तकात होतं, खरं आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू होता. त्याचं 115 वं कलम सांगतं की असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरून चालायचं. उलट सिद्ध झालं नाही तर खटला नाही, शिक्षा नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य, हेही त्याच कलमात आहे. पाच वर्षांत हे तुमच्यापर्यंत पोचलं नाही?

आणि ज्या कलमाचा धाक दाखवलात, त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देणारा माणूस तुमच्याच खात्यातला होता. मारुती श्रीपती दुबळ, मुंबई पोलिसांतला शिपाई. अपघातात डोक्याला मार लागला, मन बिघडलं. बायकोला भाजीचा गाळा मिळेना, म्हणून महापालिका आयुक्तांच्या दारात त्याने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला आणि गुन्हा त्याच्यावरच लागला. 1986 साली न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने 309 घटनाबाह्य ठरवलं. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवलं, ती गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. सरकारी माणसावर दबाव आणायला कुणी असं केलं तर तेवढा गुन्हा तिच्या 226 व्या कलमात ठेवलाय. (दुबळांना आज त्यातच बसवलं असतं, असा माझा संशय.)

तुमच्या त्या एका शब्दाने काय झालं, ऐका. जबाबात ‘चुकून’ म्हणून केस पेपरवरही ‘चुकून’. चुकून झालेल्याला मनाचा डॉक्टर कशाला? तीन महिने तो रात्र रात्र जागा होता, हे कुणी विचारलंच नाही. सलाईन उतरलं, घरी आणला. मग भगत आला, लिंबू आलं, कोंबडं गेलं. दिवाळीला तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला, तेव्हा मी ठाण्याचं नाव काढलं. आमच्याकडे ‘ठाण्याला न्या याला’ ही शिवी आहे, साहेब. 1901 पासून तिथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे आजारापेक्षा त्या गावाचीच भीती जास्त. तरी पहाटेच्या एसटीने आसनगाव आणि तिथून लोकलने त्याला नेला. आता गोळ्या चालू आहेत, झोपतो.

नोकरी मात्र गेली. ठेकेदाराने “डोक्याचा त्रास” एवढं ऐकून कामावर येऊ नको म्हटलं. ठरत आलेली सोयरीकही मोडली. मानसिक आजार आहे म्हणून माणूस वेडा ठरत नाही, ते ठरवायचं कोर्टाने, असं तोच मानसिक आरोग्य सेवा कायदा तिसऱ्या कलमात म्हणतो. पण तो वाचलाय कुणी?

तुम्ही माफी मागावी असं मी म्हणत नाही. आवणीच्या दिवसांत पुन्हा कुणा घरच्यांसमोर जबाबाचा कागद घेऊन बसाल, तेव्हा ‘चुकून’ हा शब्द तुमच्या तोंडून आधी जाऊ देऊ नका. त्याऐवजी कागदाच्या कोपऱ्यावर 14416 लिहून द्या. टेली मानस म्हणतात त्याला, फोनला पैसे पडत नाहीत.

आपली,
डोळखांबची एक बहीण