आमच्या जिल्ह्याचा विजेता कोण?

गेल्या माघात आमच्या कासूजवळच्या एका मैदानावर कबड्डीचे सामने होते. मैदान म्हणजे भातकापणी झालेले खाचर. ढेकळे फोडून, पाणी मारून, धुमसाने ठोकून सपाट केलेले. उपान्त्य सामना संपला आणि ध्वनिक्षेपकावरील गृहस्थ मंचावरच्या पाहुण्यांची ओळख करून देऊ लागले. त्यांत माझे मोठे काका होते. ‘१९८२ सालचे आपल्या रायगड जिल्ह्याचे अजिंक्यवीर’ असा त्यांचा उल्लेख झाला, टाळ्या पडल्या, आणि माझी छाती दोन इंच फुगली. तोच मागच्या रांगेतून माझ्या मामांचा आवाज आला, “अवो नाना, त्या वर्सी तुमी सेमीलाच भायेर! फायनल आमी मारलेली!”

लोक हसले. काका हसले नाहीत. घरी परतल्यावर त्यांनी ट्रंकेतून एक फोटो काढला. मागे उभे सातजण, पुढे खुर्चीवर बसलेले दोघे वडीलधारे, मध्ये एक मोठी ढाल. पाठीमागे पेणच्या छायाचित्रकाराचा शिक्का आहे, तारीख नाही. ढाल फिरती होती; ती फिरत फिरत कुठे गेली हे कोणालाच ठाऊक नाही. “ह्यो बघ पुरावा,” असे म्हणून काकांनी फोटो माझ्यापुढे ठेवला. मी इतिहासाचा विद्यार्थी. पुरावा कशाला म्हणतात हे वर्गात शिकलो होतो, परंतु शिकलेले असे घरातल्याच माणसावर वापरायची वेळ येईल असे वाटले नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, या प्रसंगाने मला एक प्रश्न पडला, आणि तोच तुमच्यापुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच. पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात ज्याच्या घरात एकही कबड्डीपटू झाला नाही असे घर शोधावे लागेल. गावाच्या दैवताचे नाव संघाला द्यायचे आणि त्यापुढे गावाचे नाव जोडायचे ही आपली रीत. म्हसोबा पेझारी, सोनारसिद्ध धाटाव ही नावे उच्चारली की देव, गाव आणि संघ तिन्ही एकदमच डोळ्यांपुढे येतात. एवढे वेड असलेल्या जिल्ह्यात, आजवर जिल्हा अजिंक्यपद कोणी कोणी जिंकले, अंतिम सामन्यात कोण हरले, सामना कोणत्या गावी झाला, याची सलग यादी मी शोधू लागलो. जुन्या खेळाडूंना भेटलो, पंचांना भेटलो, दोन वाचनालयांतील वृत्तपत्रांचे गठ्ठे चाळले. प्रत्येकाकडे आठवण भरपूर निघाली. कागद मात्र फार थोडे.

गंमत पाहा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांचे प्रात्यक्षिक दाखवले, हे आम्हाला पाठ आहे. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला झाली, महिलांची १९५५ साली कलकत्त्यास झाली, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, हेही कोणी विचारले तर आम्ही सांगू. २०१८ साली जकार्तात इराणने आपल्या दोन्ही संघांना हरवले ते तर जिव्हारी लागलेले आहे. बर्लिन आणि जकार्ता आम्हाला माहीत. परंतु वडखळ नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आपल्याच बापजाद्यांनी कोणाला लोण दिला, ते मात्र ज्याचा आवाज मोठा तो सांगेल तसे!

आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा आयरिश नाटक शिकवताना सहज हर्लिंगचा विषय काढला होता. अ‍ॅश लाकडाच्या चपट्या काठीने चेंडू मारण्याचा, बाजूला पंधरा गडी असलेला हा आयर्लंडचा अस्सल गावरान खेळ. त्याची संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स नावाच्या लहानशा गावातील एका हॉटेलात स्थापन झाली. तेथे आपल्या पंचक्रोशीसारखा एकेका चर्चचा परिसर असतो, त्याचा क्लब. क्लबांतून काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा, विजेता. पहिल्या अखिल आयर्लंड स्पर्धेला तर काउंटी जिंकणारा क्लबच काउंटीचा संघ म्हणून गेला. टिपररीकडून थर्ल्सचे गडी खेळले आणि जिंकले. तो अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजी बर या गावी झाला. खेळणारे सारे हौशी. पगार नाही, बोली नाही.

मला नवल वाटले ते पुढेच. तिकडे कित्येक काउंटींच्या वर्षवार याद्या आहेत, एकोणिसाव्या शतकापासूनच्या. इतकेच नव्हे, तर १८८८ ची अखिल आयर्लंड स्पर्धा खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्यामुळे पुरी झाली नाही, तर त्या वर्षापुढे ‘अपूर्ण’ अशी नोंद आहे. रिकामे वर्षही त्यांनी टाकून दिले नाही. आपल्याकडे दिवे गेल्यामुळे, पंचांशी हुज्जत झाल्यामुळे, क्वचित दगड पडल्यामुळे किती अंतिम सामने अर्ध्यावर राहिले असतील! त्यांची आठवण दोन्ही गावे आपापल्या विजयाने पुरी करतात.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण हवे असेल तर भाऊसाहेब निंबाळकरांचे घ्या. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते आणि ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. काठेवाडने सामना सोडून दिला. ही हळहळ आज इतक्या वर्षांनीही ताजी आहे, कारण कोणीतरी गुणलेखकाच्या वहीत प्रत्येक धाव लिहून ठेवली होती. कबड्डीतही गुणलेखक असतो, गुणपत्रक असते. परंतु सामना संपला की बक्षीस समारंभ, आणि बक्षीस समारंभ संपला की ते गुणपत्रक भज्यांच्या पुडीला लागते. माझ्या ओळखीच्या एका जुन्या पंचांकडे मात्र अशी काही पत्रके आहेत, जनावरांच्या औषधाच्या खोक्यात. त्यांच्या पाया पडावेसे वाटले.

यादी करणे वाटते तितके सोपे नाही, हे मला चार महिन्यांतच कळून चुकले. पहिली अडचण अशी की ‘जिल्हास्तरीय’ हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. जिल्हा संघटनेची अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धा वेगळी. तिच्यातून जिल्ह्याचा संघ निवडला जातो आणि तो राज्य स्पर्धेला जातो. एखाद्या मंडळाने जत्रेच्या किंवा वाढदिवसाच्या निमित्ताने भरवलेली निमंत्रितांची स्पर्धा वेगळी. तिथे बक्षीस कदाचित मोठे असेल, गर्दीही जास्त असेल, पण ती अजिंक्यपदाची स्पर्धा नव्हे. लोकांच्या स्मरणात मात्र गर्दी राहते. दुसरी अडचण गटांची. कुमार, किशोर हे वयाचे आणि वजनाचे गट. कोणी कुमार गटात जिंकलेले असते आणि नातवंडांना सांगताना ‘कुमार’ हा शब्द गळून पडतो. तिसरी नावाची. १ जानेवारी १९८१ पर्यंत आपला जिल्हा कुलाबा होता. ‘रायगड’ म्हणून शोधत बसाल तर त्यापूर्वीचे काहीच सापडणार नाही.

शिवाय खेळही बदलत गेला. जुनी माणसे संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार सांगतात. संजीवनीत बाद गडी परत जिवंत होतो, गामिनीत सगळा डाव बाद होईस्तोवर बाहेरच बसतो, अमरमध्ये बाद होऊनही आत राहतो, फक्त गुण जातो. मातीतला खेळ मॅटवर गेला, अनवाणी पायांत बूट आले, आणि २०१४ च्या प्रो कबड्डीनंतर ‘डू ऑर डाय’ची चढाई आमच्या गल्लीतल्या पोरांच्याही तोंडी बसली. म्हणून कोणाचे गुण जास्त, कोण थोर, असल्या तुलना करण्यात मला रस नाही. मला वर्ष, गाव, विजेता, उपविजेता आणि सात नावे एवढेच हवे आहे.

सात नावांचा आग्रह का, तर माझ्या आत्यामुळे. लग्नापूर्वी तीही जिल्ह्यासाठी खेळलेली आहे. डाव्या कोपऱ्यातून घोट्यात पकड घालायची, असे काका आजही सांगतात. तिच्या संघाचा फोटोसुद्धा नाही. एका जुन्या कात्रणात तिचे माहेरचे नाव मला दिसले तेव्हा तिच्या मुलीला, माझ्या आतेबहिणीला, ते आपल्या आईचे आहे हे ओळखायला क्षणभर वेळ लागला. मुलींची नावे लग्नानंतर बदलतात. पुरुषांची निदान पारावर आठवण निघते. त्यांची तीही निघत नाही.

कोणी म्हणेल, जुन्या ढाली उगाळून काय मिळणार? आमच्या एका प्राध्यापकांनीच हा प्रश्न मला विचारला, आणि तोही प्रेमाने. खेळाचा आनंद त्या रात्रीचा, तो कागदावर कशाला? शिवाय यादी निघाली की गावागावांत नवे तंटे. माझे म्हणणे एवढेच की तंटे आजही आहेतच. आणि नोंद नसण्याची किंमत कोण देतो तेही पाहावे. माझा एक चुलतभाऊ जिल्ह्यातून निवड होऊन राज्य स्पर्धेत खेळला. २६ जुलै २००५ च्या महापुरात घरात पाणी शिरले, भाताच्या कणगीबरोबर त्याची प्रमाणपत्रेही गेली. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, म्हणून त्याने पुढे अर्ज केला. प्रमाणपत्राची दुसरी प्रत आणा, नाही तर त्या वर्षीच्या संघाची नोंद आणा, असे सांगण्यात आले. तो वर्षभर हेलपाटे घालत होता. सोबत खेळलेले सहाही गडी साक्षीला उभे राहायला तयार होते. परंतु साक्ष म्हणजे नोंद नव्हे. आज तो टेम्पो चालवतो. चांगला चालवतो, तक्रार करीत नाही. तक्रार माझी आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. दरवर्षी १५ जुलैला बुवा साळवींच्या जन्मदिनी आपण कबड्डी दिन साजरा करतो. हार-तुरे होतात, भाषणे होतात. त्या दिवशी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक टेबल मांडावे. ज्याच्या घरी जुनी हस्तपत्रके, कात्रणे, फोटो, प्रमाणपत्रे असतील त्याने ती आणावीत, तिथल्या तिथे नक्कल करून परत न्यावीत. पेणचे गणपती जगभर जातात. कोणत्या मंडळाला कोणत्या साली किती फुटांची मूर्ती दिली हे आमच्या शेजारचे कारखानदार जुनी वही उघडून सांगतात. मातीच्या मूर्तीची वही राहते, तर मातीतल्या गड्यांची का राहू नये? एका नोंदीला दोन स्वतंत्र पुरावे असल्याखेरीज ती पक्की समजायची नाही, एकच असेल तर पेन्सिलीने लिहायची, हा नियम मी स्वतःपुरता केला आहे. माझ्या वहीत सध्या पेन्सिलीचेच राज्य आहे.

आता काकांच्या फोटोविषयी. तो मी भिंगाखाली धरला. ढालीवरच्या अक्षरांतील ‘कुलाबा’ स्पष्ट वाचता येते. त्यावरून तो १९८२ चा नसावा असे लगेच म्हणता येत नाही. ढाल फिरती, जुन्या नावाची ढाल जिल्ह्याचे नाव बदलल्यावरही फिरत राहिली असेल. परंतु त्याखालची ओळ मी तीन वेळा वाचली. ‘निमंत्रित संघांच्या’ असे ते शब्द आहेत. आणि पंचांच्या त्या खोक्यात १९८२ च्या अजिंक्यपदाच्या उपान्त्य सामन्याचे एक पत्रक निघाले. आमचा संघ चार गुणांनी हरला होता. मामांच्या गावाने अंतिम सामना जिंकला की नाही याचा कागद मला अजून मिळालेला नाही, हे मी मामांनाही सांगितले. त्यांना ते आवडले नाही.

काकांना सांगायला मला आठ दिवस लागले. त्यांनी भिंग हातात घेतले, चष्मा वर केला, बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मंग तसाच लिव. पन त्या सेमीच्या कागदावं पकडी किती हायेत माज्या, त्या पयल्या बघ.” पत्रकात पकडी खेळाडूवार लिहिलेल्या नाहीत, नुसते संघाचे गुण आहेत. मी तसे सांगितल्यावर ते म्हणाले, “सात हायेत. पेन्शिलीनी लिव.”

लिहिल्या आहेत.