गणतीत नसलेल्या मांजराचं औषध

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाची एकविसावी पशुगणना सुरू झाली. तिच्या यादीत गाय-म्हैस आहे, शेळी-मेंढी आहे. डुक्कर, घोडा, गाढव, खेचर, उंट आहेत. कुत्रा आणि ससा आहे. हत्ती आहे. नगरच्या माणसाने चित्राबाहेर सहसा न पाहिलेला याकसुद्धा आहे. मांजर नाही. गणक दारात उभा राहतो, ओटीवरची मनी त्याच्या पायात घोटाळते आणि तो तिला ओलांडून गोठ्याकडे जातो.

अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके आणि तालुक्यागणिक दुधाची संकलन केंद्रं. इथे जनावराचा डॉक्टर म्हणजे आधी गाईचा डॉक्टर. कृत्रिम रेतन, कासदाह, लाळ्या-खुरकूत आणि २०२२ पासून लम्पी, यातच त्याचा दिवस जातो. पाटीवर ‘पशुवैद्यकीय दवाखाना’ लिहिलेलं असलं तरी गावाच्या तोंडी तो ‘गुरांचा दवाखाना’च. ज्या जनावरावर घर चालतं त्याला आधी पाहायचं, हा हिशेब कुणालाही पटेल. पंचाईत होते ती हिशेबात नसलेलं जनावर आजारी पडल्यावर.

सावेडीतलं किंवा संगमनेरातलं कुठलंही एक घर डोळ्यांपुढे आणावं. दोन वर्षांची, तीनेक किलोची मांजरी. पंधरा दिवस खाण्यावर वासना नाही, ताप येतो-जातो, हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या पडलेल्या. शहरात कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आता आहेत. तिथे रक्ताचे थेंब छोट्या प्लास्टिकच्या पट्टीवर पडतात, थोड्या वेळात रेघ उमटते आणि डॉक्टर ‘ल्युकेमिया पॉझिटिव्ह’ म्हणतात. घरच्यांना त्यातला एकच शब्द ऐकू येतो: कॅन्सर. त्याच संध्याकाळी पुण्यातल्या भाच्याला फोन जातो, काहीतरी औषध असेल बघ, लागतील तेवढे पैसे लागू देत.

नावाने इथे घोटाळा केला आहे. फेलाइन ल्युकेमिया हा मुळात विषाणूचा संसर्ग. त्यातून काही मांजरांना रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग (लिम्फोमा) होतो, पण पुष्कळांना त्याआधी पंडुरोग गाठतो, नाहीतर प्रतिकारशक्ती ढासळून दुसरेच आजार शिरतात. विषाणू लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं, चावे, आईचं दूध या त्याच्या वाटा. पिल्लांना तो पटकन धरतो, थोराड मांजर बरंच तग धरतं. शरीराबाहेर तो काही तासांत मरतो, आणि माणसाला किंवा कुत्र्याला होत नाही. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात सांगावी, म्हणजे बिचारीची रवानगी रातोरात गच्चीवर होत नाही.

हा विषाणू सापडला १९६४ मध्ये, ग्लासगोत. एकाच घरातल्या बऱ्याच मांजरांना लिम्फोमा होत असल्याचं विल्यम जॅरेट या पशुवैद्यकाच्या लक्षात आलं. एका छपराखाली इतका कर्करोग योगायोगाने होत नाही, म्हणून त्यांनी शोध घेतला आणि संसर्गाने पसरणारा विषाणू हाती लागला. त्याच १९६४ मध्ये अटलांटिकपलीकडे, डेट्रॉइटमध्ये, जेरोम हॉरविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने कर्करोगावर चालेल या आशेने एक संयुग तयार केलं. ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर ते चाललं नाही, आणि फाइल मिटली. दहा वर्षांनी जर्मनीत वोल्फ्राम ओस्टरटाग यांनी ते उंदरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूला रोखतं असं दाखवलं. तेव्हाही फारसं कुणी वळून पाहिलं नाही. मग एड्स आला. मांजराचा ल्युकेमिया-विषाणू प्रतिकारशक्ती कशी पोखरतो हे अभ्यासलेले मॅक्स एसेक्स हे पशुवैद्यक, एड्समागेही याच घराण्यातला विषाणू असावा असं सुचवणाऱ्या पहिल्या काही जणांतले. हॉरविट्झ यांचं अडगळीतलं संयुग बाहेर निघालं आणि मार्च १९८७ मध्ये एड्सवरचं पहिलं औषध म्हणून अमेरिकेत मान्य झालं. झिडोव्हुडीन, जुन्या लोकांच्या तोंडी एझेडटी. म्हणजे मांजराच्या रोगाने माणसाच्या रोगाची वाट उजळली, आणि माणसाचं औषध आता मांजराच्या चिठ्ठीवर येतं.

ते औषध नगरहून फार लांब नाही. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने त्याची पद्धत बसवली आणि मुंबईच्या सिप्लाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते देशात आणलं. २००१ मध्ये याच सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा तोच उपचार दहा हजार डॉलरच्या पुढे होता. सिप्लाचा एक मोठा कारखाना कुरकुंभला आहे, दौंड तालुक्यात. भीमा ओलांडली की श्रीगोंदा, म्हणजे आपला जिल्हा.

तरीही चितळे रस्त्यावरच्या दुकानदाराकडे ते हमखास मिळेल असं नाही, आणि याचं कारण मांजरापेक्षा माणसात आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकार एचआयव्हीची औषधं एआरटी केंद्रांतून मोफत देतं. एचआयव्हीबाधितांना आधार देणारी ‘स्नेहालय’सारखी संस्था १९८९ पासून ज्या शहरात काम करते, तिथे ‘एआरटी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रुग्ण औषध केंद्रातून घेतो, दुकानात त्याला गिऱ्हाईक राहत नाही. त्यात गेल्या काही वर्षांत केंद्रांवरचा मुख्य उपचार डोल्युटेग्रॅव्हिरवर गेला आणि झिडोव्हुडीन मागे पडलं. एआरटी केंद्रातल्या गोळ्या कुणा ओळखीच्या रुग्णामार्फत मांजरासाठी मागण्याची बुद्धी कुणाला होऊ नये. त्या मोजून येतात आणि एका माणसाच्या नावावर येतात.

मग राहतं पुणे. सदाशिव पेठेतल्या घाऊक औषधबाजारात नाव सांगितलं की ‘उद्या मिळेल’ असं उत्तर येऊ शकतं, आणि परवा माळीवाड्याला उतरणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून औषध घरी. खरी अडचण बहुधा काउंटरवर येते. दुकानदार चिठ्ठी उलटीपालटी करतो. ‘हे एचआयव्हीचं आहे. पेशंट कोण?’ ‘मांजर.’ पुढची शांतता फार बोलकी असते. खरं तर कायद्याला त्या शांततेची गरज वाटलेली नाही. औषधे नियम, १९४५ मधला ६५ वा नियम चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता असावा असं सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो, औषध जनावरासाठी असेल तर मालकाचं नाव-पत्ता. पशुवैद्यकाची सही, तारीख आणि मालकाचा पत्ता एवढं नीट असेल तर माणसांच्या दुकानातून जनावराचं औषध घेणं हा चोरटा मामला नाही. गणनेने मांजर मोजलं नाही, पण या नियमाच्या ‘जनावर’ शब्दात ते बसतं.

औषध हाती आलं की मापाचा प्रश्न. गोळी ३०० मिलिग्रॅमची, माणसाच्या मापाची. मांजराला किलोमागे पाच ते दहा मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं पुस्तकात सापडतं. तीन किलोच्या मांजरीला पाचने गुणलं तरी पंधरा, म्हणजे गोळीचा विसावा भाग. सुरीने गोळीचे वीस सारखे तुकडे करून दाखवणारा अजून जन्मायचा आहे. लहान मुलांसाठी मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम असं सिरप असतं, ते मिळालं तर दीड मिलिलिटरवर काम भागतं. हा हिशेब अर्थात डॉक्टरांनी घालायचा, भाच्याने नव्हे.

आणि इथेच त्या धावपळीला ब्रेक लागायला हवा. झिडोव्हुडीनचा मोठा दुष्परिणाम म्हणजे पंडुरोग. ज्या मांजरीच्या हिरड्या आधीच पांढऱ्या आहेत, जिची अस्थिमज्जा थकली आहे, तिला ते दिलं तर उरलंसुरलं रक्तही घटू शकतं. सुरुवातीचा महिनाभर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. शिवाय नैसर्गिकरीत्या लागण झालेल्या मांजरांत त्याचा गुण मर्यादितच दिसला आहे. दोन जिल्हे पालथे घालून आणलेली बाटली कपाटात ठेवा, असं एखाद्या चांगल्या डॉक्टरने सांगितलं तर घरच्यांना तो निर्दय वाटतो. तो त्या वेळी सर्वांत शहाणा माणूस असतो.

दुसरं नाव कानावर येतं ते फेलाइन इंटरफेरॉन ओमेगाचं. हे जपानी तंत्राचं औषध रेशीमकिड्यांच्या शरीरात तयार केलं जातं. युरोपात मांजरांच्या ल्युकेमियासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. सलग पाच दिवस एकेक इंजेक्शन, आणि असे तीन फेरे: पहिल्या दिवशी, चौदाव्या दिवशी आणि साठाव्या दिवशी सुरू होणारे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८१ आजारी मांजरांच्या चाचणीत नऊ महिन्यांनी औषध मिळालेल्यांपैकी ३९ टक्के दगावली होती, न मिळालेल्यांपैकी ५९ टक्के. बारा महिन्यांनी हेच आकडे ४७ आणि ५९ झाले. फरक आहे, पण तो वर्षभरात आक्रसत जाणारा आहे. हे औषध आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही, आणि थंडपेटीतून आणावं लागतं.

परदेशातल्या मुलीने बॅगेतून आणावं तर तिथेही नियम आहे. त्याच १९४५ च्या नियमांतल्या ३६ व्या नियमानुसार प्रवाशाला सामानातून थोडी औषधं आणता येतात, एका औषधाच्या सरासरी शंभर मात्रांपर्यंत. पण ती त्या प्रवाशाच्याच वैयक्तिक वापरासाठी हवीत. वेगळं मागवायचं तर १२-अ नमुन्यात अर्ज आणि १२-ब नमुन्यात परवाना. मांजर प्रवासी ठरतं का, हा प्रश्न विमानतळावर रात्री तीन वाजता सीमाशुल्क अधिकाऱ्याशी वाद घालून सोडवण्यासारखा नाही.

दुर्मिळ औषधामागची धाव नगरला नवी नाही. एप्रिल २०२१ मध्ये तत्कालीन खासदार डॉ. सुजय विखे यांनी दिल्लीहून खासगी विमानाने रेमडेसिविर आणलं, आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. त्या रेमडेसिविरचा मांजरांशी जवळचा संबंध आहे. शरीरात गेल्यावर त्यापासून जीएस-४४१५२४ हे द्रव्य बनतं, आणि त्याच द्रव्याने २०१९ मधल्या नील्स पेडरसन या पशुवैद्यकाच्या अभ्यासात एफआयपी या जीवघेण्या रोगाच्या ३१ मांजरांपैकी २५ वाचली होती. मांजरवाल्यांत ही बातमी वणव्यासारखी पसरली. ते बनवणाऱ्या कंपनीने ते मांजरांसाठी बाजारात आणलं नाही, तेव्हा लोकांनी चिनी चोरबाजारातून कुप्या मागवल्या. नगरच्या घरात घोटाळा होतो तो आद्याक्षरांचा. एफआयपी, एफआयव्ही (मांजराचा एचआयव्हीसारखा विषाणू), एफईएलव्ही (हाच ल्युकेमियाचा), कानाला सगळी सख्खी भावंडं. एफआयपी हा मांजराच्या कोरोनाविषाणूचा आजार, ल्युकेमियाचा विषाणू निराळ्याच घराण्यातला. एकाची कुपी दुसऱ्याला टोचून काही हाती लागत नाही, आणि हजारो रुपये गेलेले असतात.

या सगळ्या शोधात राहून जातं ते साधं आणि जवळचं. पहिली रेघ उमटली म्हणजे निकाल लागला असं नव्हे. काही मांजरांचं शरीर विषाणूला रक्तातून हटवतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायची किंवा पीसीआरने पडताळा घ्यायचा. रक्त कमी होण्यामागे पिसवांशी जोडला जाणारा मायकोप्लाझ्मा हा जंतू असेल तर त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं, आणि ते कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतं. फक्त गोळी कोरडी गिळवायची नाही, मागून सिरिंजने थोडं पाणी द्यायचं. मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकली तर जखम होऊन नळी आकसते. लिम्फोमा निघालाच तर त्यावर वापरायची प्रेडनिसोलोन, विनक्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड ही माणसांच्या कर्करोगाचीच औषधं; ती मिळतात, ती देणारा हात मिळावा लागतो. ताप पाहून घरच्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीच नाही, तिने मांजर मरतं.

मोठ्या तपासण्यांसाठी जायचं तर शिरवळ किंवा परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर मुंबई. परळला १८८६ पासूनचं महाविद्यालय आणि त्याच आवारातलं त्याहून जुनं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय उघडलं. पांढऱ्या हिरड्यांच्या मांजरीला पिंजऱ्यात घालून एवढा पल्ला गाठायचा की नमुना पाठवून भागवायचं, हे ठरवताना पुष्कळ घरं दोन दिवस घालवतात. ज्यांच्या रक्तात विषाणू कायम टिकून राहतो अशी मांजरं निदानानंतर साधारण अडीच वर्षं जगतात, असा मध्यक सांगितला जातो. अडीच वर्षं हा मांजराच्या आयुष्यातला मोठा काळ आहे, आणि त्यातला बराचसा ती उन्हात पडून, नीट खाऊन घालवू शकते. कच्चं मटण बंद, घराबाहेर भटकणं बंद, दर सहा महिन्यांनी तपासणी.

लसही आहे, अमेरिकेत ती १९८५ मध्येच आली. आपल्या दवाखान्यांत मांजरांना सर्रास दिली जाते ती तिहेरी लस वेगळ्या तीन रोगांची असते, तिच्यात ल्युकेमिया नसतो. कार्डावर शिक्का पाहून ‘सगळी इंजेक्शनं झालीत’ म्हणणाऱ्या घराला हे ठाऊक नसतं.

घरात बहुधा दुसरं मांजरही असतं, धाकटा बोका. पुण्याची गाडी कधी पोचते, बाटली कुणाकडे दिली, बर्फ टिकेल का, यावर फोन चालू असतात. बोक्याची चाचणी करायची राहिलेली असते, आणि मनीने उष्टं सोडलेल्या वाटीतलं दूध तो चाटून पुसून संपवत असतो.